जपानी पाहुणे आणि सोलापूरचा वर्ग

जपानी विद्यार्थी शाळेत पाहुणे म्हणून आले की किमोनो, ओरिगामी म्हणजे कागदाच्या घड्यांची कला, आणि एक स्वागतगीत एवढ्यावर समारंभ आटोपतो; परंतु जुळे सोलापुरातील एखाद्या शाळेने असे स्वागत योजले, तर पाहुण्यांच्या हाती आधी खडू द्यावा आणि त्यांची अक्षरे त्यांनाच फळ्यावर लिहू द्यावीत. जपानी अक्षरांच्या तक्त्याला ‘गोजूओन’, म्हणजे पन्नास ध्वनी, असे नाव आहे. त्यात स्वर आधी येतात आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा क्रम लागतो. ‘सा’च्या जागी पूर्वी ‘च’च्या जवळचा आणि ‘हा’च्या जागी ‘प’चा उच्चार होता असे मानले जाते, आणि तेवढे ध्यानात घेतले की आपल्याच वर्णमालेचा क्रम समोर उभा राहतो. बौद्ध मंत्रांसाठी ‘सिद्धम्’ ही भारतीय लिपी अभ्यासणाऱ्या जपानी भिक्षूंमुळे तो तेथे रुजला, असे भाषाभ्यासक सांगतात.

‘मी पाणी पितो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’ असे होते, म्हणजे कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. सोलापूरच्या वर्गात मराठीखेरीज कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले असतात, आणि या चारही भाषांत क्रियापद शेवटीच येत असल्याने प्रत्येक मुलाला आपल्या घरचे वाक्य त्या जपानी वाक्याखाली शब्दाला शब्द लावून मांडता येईल. इतका सोपा आणि सखोल धडा दुसरा क्वचितच सापडेल. ‘फुरोशिकी’ हे वस्तू गुंडाळून गाठ मारण्याचे चौकोनी कापड तर चादरीच्या या गावात, जेथे बोचके बांधणे घरोघरी ठाऊक आहे, समजावून सांगावेही लागणार नाही.

गाव दाखवताना मात्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक टाळू नये. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये, भारतीय वैद्यकीय पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्या युद्धाचा दोष आजच्या मुलांवर येत नाही, म्हणूनच तो इतिहास त्यांच्यासमवेत मोकळेपणाने वाचता येतो. श्रोत्यांपैकी जे शिक्षक असतील, त्यांनी ही भेट कार्यक्रमपत्रिकेत आधीच नोंदवावी आणि पाहुण्यांना तिची पूर्वकल्पना द्यावी.