मातीच्या पाट्यांची शाळा
(ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



पूर्वेकडील प्राचीन संस्कृतींविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. विषय अफाट आहे आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जन्मभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, एवढाच काय तो आमचा अधिकार. तेव्हा राजे, लढाया आणि मंदिरे बाजूस ठेवून सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या एका शाळेत आपणांस घेऊन जावे, असे आम्ही योजिले आहे.

ही शाळा आजच्या इराकच्या दक्षिण भागात, निप्पुर या नगरात होती. १९५१-५२ च्या उत्खननात तेथे एक साधेसुधे घर सापडले. त्याच्या जमिनीत, भिंतींत आणि बसावयाच्या ओट्यांतसुद्धा मातीच्या लेखपाट्यांचे सुमारे १,४०० तुकडे निघाले. त्यांतील बहुतेक पाट्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या होत्या. ओल्या मातीची वडी थापावयाची, बोरूच्या टोकाने तिच्यावर पाचरीसारख्या खुणा उमटवावयाच्या आणि गुरुजींनी पाहिले की वडी भिजवून पुन्हा मळावयाची, अशी तेथील रीत होती. पाटी पुसण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा. जुन्या पाट्या घराच्या डागडुजीत भर म्हणून वापरल्या गेल्या, म्हणून त्या आज आपल्या हाती लागल्या.

या लिपीचा आरंभ त्याच्याही दीड हजार वर्षे आधी उरुक नगरात झाला. तेथील सर्वांत जुने लेख म्हणजे बहुतांशी हिशेब आहेत. सातू किती आले, मेंढ्या किती गेल्या, कोणास किती द्यावयाचे, असा सारा मजकूर. काव्य व पुराणे पुष्कळ नंतरची. वाण्याच्या वहीतून सरस्वती प्रकटली, हे आम्हांस तरी मोठे गमतीचे वाटते.

आता अभ्यासक्रम पहा. प्रथम नुसत्या उभ्या, आडव्या, तिरप्या खुणा. त्या साधल्या की ‘तु ता ति, नु ना नि’ अशी माळ. ही त्यांची बाराखडीच नव्हे काय? त्यानंतर शब्दांच्या याद्या: झाडे व लाकडी वस्तू, वेत, भांडी, जनावरे, दगड, मासे, पक्षी, गावांची नावे. मग पाढे. त्यांचे गणित साठाच्या पटीत चाले. आपल्या घड्याळातील साठ मिनिटे आणि वर्तुळाचे ३६० अंश हा त्याच गणिताचा वारसा होय. काही पाट्या पुरणाच्या कडबूएवढ्या, वाटोळ्या आहेत. त्यांवर गुरूने सुबक अक्षरात ओळ घालून दिलेली असे आणि शिष्याने ती पाहून तशीच उतरावयाची असे. कोणती ओळ गुरूची आणि कोणती शिष्याची, हे अक्षरावरूनच ओळखू येते.

शाळेला ते ‘एदुब्बा’, म्हणजे पाट्यांचे घर म्हणत. तेथील एका विद्यार्थ्याची कैफियत सांगणारा लेख सॅम्युएल नोआ क्रेमर या पंडिताने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. मुलगा सकाळी आईजवळ शिदोरी मागतो, आई दोन भाकऱ्या बांधून देते आणि तो धावत सुटतो. तरी उशीर होतोच. मग दिवसभर छडी. बोलला म्हणून छडी, उठून उभा राहिला म्हणून छडी, अक्षर वाईट म्हणून छडी. शेवटी तो वडिलांस सुचवितो की, गुरुजींना एकदा घरी बोलवा. वडील गुरुजींना मानाच्या आसनावर बसवितात, जेवू घालतात, नवे वस्त्र व अंगठी देतात. गुरुजी तात्काळ प्रसन्न होऊन मुलाच्या बुद्धीची स्तुती करू लागतात! आम्हांस छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी अंगठी दिली नाही. मात्र अंगणात वाळत घातलेल्या शेंगा निघताना पिशवीत भरून देणारे पालक भेटले, आणि त्यांच्या मुलांकडे आमचे लक्ष किंचित अधिक राहिले नसेल, असे शपथेवर सांगवत नाही.

या कैफियतीत छडीचे आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. मुलगा सुमेरी बोलला नाही, म्हणूनही त्यास मार बसला. निप्पुरचे हे घर नांदते होते त्या काळी सुमेरी कोणाचीही घरची भाषा उरली नव्हती. घरात व बाजारात अक्कादी चाले. अक्कादी ही अरबी व हिब्रू यांच्या कुळातील. सुमेरीचे मात्र ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेशी नाते लागत नाही. अशी ही एकाकी भाषा, बोलणारे संपल्यावरही, केवळ शिक्षकांच्या हट्टाने टिकली, आणि तीही थोडी नव्हे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारापर्यंत. इ. स. पू. सातव्या शतकात असुरबनिपाल या सम्राटाने निनेवे येथे मोठा ग्रंथसंग्रह केला. आपण सुमेरीतील दुर्बोध पाट्याही वाचतो, याचा त्यास केवढा अभिमान! आज सुमेरी वाङ्मयाचा पुष्कळसा भाग ज्ञात आहे, तो राजांच्या शिलालेखांमुळे नव्हे, तर मुलांनी चुकत-माकत केलेल्या नकलांमुळे.

पुढे ही लिपीही विसरली गेली. तिच्या उलगड्याची कथा मोठी आहे. इराणातील प्राचीन पर्शियन लेखांतील राजनावे ओळखून १८०२ मध्ये पहिले पाऊल टाकले ते जर्मनीतील ग्रोटेफेंड यांनी. हे गृहस्थ शाळामास्तर होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यानंतरचे रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या सैन्यात मुंबईस आले आणि येथे फारसी शिकले. बेहिस्तूनच्या कड्यावरील दरायस राजाचा तीन भाषांतील लेख त्यांनी जिवावर उदार होऊन उतरून घेतला. तीनही भाषांत मजकूर एकच असल्याने एकीच्या आधाराने दुसरी उलगडली.

असा आधार नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. अक्कादचा राजा सार्गोन आपल्या लेखात सांगतो की, मेलुह्हाची गलबते आपल्या धक्क्याला लागत. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शु-इलिशु नावाच्या मनुष्याची मुद्रा आहे. तिच्यावर त्याचा व्यवसाय कोरलेला आहे: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी ती भाषा समजणारा एक मनुष्य पगारी कामावर होता! आज सिंधूचे सुमारे ४,००० लेख उपलब्ध आहेत. ते सरासरी पाचच चिन्हांचे. मुलांच्या सरावाच्या पाट्या नाहीत, शब्दांच्या याद्या नाहीत, दुभाषी लेख नाही. एका अक्षराचाही सर्वमान्य उलगडा झालेला नाही.

आता घरची एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे एक बासन होते. आजोबा मोडी सरसर वाचीत, वडील अडखळत वाचीत, आम्हांस एक अक्षर लागत नाही. पन्नास वर्षांत हे घडले. मध्यंतरी घराला रंग दिला, तेव्हा ते बासन रद्दीत घालावयाचे, असे ठरलेही होते, आणि लाज वाटते, त्या ठरविण्यात आम्हीही होतो. सूनबाईंनी ते उचलून माळ्यावर ठेवले. गेल्या चैत्रात मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ते वाचून घेतले. बहुतेक जोंधळ्याच्या पायल्यांचा आणि उधारीचा हिशेब निघाला. मात्र तळाशी चार पाने निराळी होती. वर पंतोजींनी घातलेली वळणदार ओळ, खाली आजोबांनी पोरवयात गिरविलेल्या सात-सात ओळी, आणि पाचव्या ओळीवर शाईचा मोठा डाग.

ती पाने आम्ही सोबत आणली आहेत. ज्यांना पहावयाची असतील त्यांनी चहापानाच्या वेळी या मेजाजवळ यावे. हात कोरडे असू द्यावेत. आणि ज्यांच्या घरी अशी बासने असतील त्यांनी आपले नाव चिटणिसांकडे नोंदवावे. ते वाचक गृहस्थ दिवाळीनंतर चार दिवस आपल्या वसतिगृहात मुक्कामास येण्यास तयार आहेत.