आपलें मोल आपणांस कळलें पाहिजे

(सांगोला येथें सहकारी संस्था व बचत गट यांच्या कार्यकर्त्यांपुढें केलेलें भाषण)



आज येथें दूध संस्थांचे चेअरमन आहेत, पाणी वापर संस्थांचे संचालक आहेत, बचत गटांच्या अध्यक्षा आहेत. सभा सुरू होण्यापूर्वीं आम्हीं पांचसात जणांस सहज विचारलें, "तुमच्या संस्थेंत तुम्ही नेमकें काय करतां?" बहुतेकांनीं हात जोडून एकच उत्तर दिलें, "आम्ही काय करणार, सगळें लोकच करतात." हें उत्तर ऐकावयास गोड लागतें, पण आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या बहुजन समाजास पिढ्यान्‌पिढ्या हेंच शिकविण्यांत आलें कीं, तुमच्या अंगांत कांहीं नाहीं, तुम्ही फक्त ओझें वाहा. शिकविणारे गेले, शिकवण मात्र अजून आमच्या जिभेवर आहे. उलट असेहि पुढारी आम्हीं पाहिले आहेत कीं, ज्यांना आपली किंमत गळ्यांतल्या हारावरून कळते. हार सुकला कीं तेहि सुकले! ह्या दोघांचा रोग एकच. आपण संस्थेला काय देतों, याचा हिशेब दोघांनींहि कधीं मांडलेला नाहीं.

हा हिशेब शिकण्यासाठीं लांब जाण्याचें कारण नाहीं. गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यांतील पेनूरचे. वकिली करण्यास सांगोल्यास आले, १९६२ सालीं येथून आमदार झाले आणि २०१४ पर्यंत याच मतदारसंघांतून अकरा वेळां निवडून आले. हें तुम्हां सर्वांस तोंडपाठ आहे. म्हणून आम्ही आज त्यांच्या विजयांविषयीं बोलणार नाहीं. पराभवांविषयीं बोलणार आहों. १९७२ सालीं ते पडले व १९७४ च्या पोटनिवडणुकींत परत आले. पुढें १९९५ सालीं पडले ते अवघ्या १९२ मतांनीं. आतां विचार करा. शंभर माणसांनीं शिक्का तिकडचा इकडे मारला असता तर निकाल फिरला असता. त्या शंभर शिक्क्यांनीं तीस वर्षांच्या कामाचें मोल वाढलें असतें काय? किंवा तें मिळाले नाहींत म्हणून घटलें काय? मतमोजणीच्या आदल्या रात्रीं जो मनुष्य होता, तोच दुसऱ्या रात्रींहि होता. आपलें मोल मतांच्या पेटींत आहे असें ज्याला वाटतें, तो अशा दिवशीं दार लावून घरीं बसतो. हे बसले नाहींत. पाण्याचा प्रश्न त्यांनीं आमदारकीबरोबर खालीं ठेवला नाहीं. १९९९ सालीं लोकांनीं त्यांना पुन्हां निवडून दिलें.

त्यांच्यामागें पक्षाचें बळ होतें म्हणावें, तर तसेंहि नाहीं. शेतकरी कामगार पक्ष ज्यांनीं उभारला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे दोघेहि पुढें काँग्रेसमध्यें परत गेले. सत्ता म्हणावी, तर १९७८ व १९९९ हे दोन प्रसंग सोडून मंत्रिपद नाहीं. बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर. मग त्यांनीं आणलें काय? आमच्या मतें दोनच गोष्टी. एक प्रश्न धरला तो सुटेपर्यंत धरणें; आणि लोकांना एस्. टी. च्या गाडींत सांपडेल असें राहणें. दुसरी गोष्ट लहान वाटेल. पण आपला आमदार आपल्याच बाकावर बसून येतो, हें ज्या शेतकऱ्यानें पाहिलें तो आपली अडचण त्याला सांगावयास कचरत नाहीं. आणि अडचण कळल्यावांचून प्रश्न धरतां येत नाहीं.

शेजारच्या आटपाडीस १९९३ पासून पाणी परिषदा भरत आल्या, त्यांचेंहि उदाहरण पाहा. कृष्णा खोऱ्यांतील १३ दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न. त्यांत नागनाथअण्णा नायकवडी होते, गणपतराव होते, डॉ. भारत पाटणकर होते. अण्णा वाळव्याचे. त्यांच्या गावाशेजारून कृष्णा वाहते. स्वतःच्या शेतासाठीं त्यांना भांडावयाचें नव्हतें. प्रतिसरकारांत लढलेला माणूस दुसऱ्याच्या तहानेसाठीं उभा राहिला, याचें जें वजन पडलें तें त्यांचें मोल. पाटणकरांनीं समन्यायी पाणीवाटपाचा विचार आणला. म्हणजे पाणी येईल तेव्हां तें कोणाकोणाला, हा प्रश्न आधींच विचारला. आणि गणपतरावांपाशीं विधानसभा होती. तिघांनींहि एकमेकांचें काम ओढून घेतलें नाहीं, कारण आपापलें काम कोणतें हें तिघांनाहि ठाऊक होतें. २०१२ सालीं अण्णा गेले. परिषद थांबली नाहीं. टेंभू-म्हैसाळचें पाणी आज आपल्या तालुक्याच्या कांहीं भागांत दिसतें, त्यामागें हा मेळ आहे, आणि भाकरी बांधून परिषदेला येणाऱ्या बायाबापड्याहि आहेत. त्यांना मात्र कोणीं हार घातला नाहीं.

आतां एक बोचणारी गोष्ट. कोणास राग आला तर येवो. २०१९ सालीं वयामुळें गणपतराव उभे राहिले नाहींत. नातू उभे राहिले व ७६८ मतांनीं पडले. ३० जुलै २०२१ रोजीं गणपतराव गेले. २०२४ सालीं दुसरे नातू निवडून आले. त्यांच्या लायकीविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. लोकांनीं त्यांना निवडलें आहे. आमचा प्रश्न तुम्हांस आहे. पन्नास वर्षें त्या माणसाबरोबर शेंकडों कार्यकर्ते हिंडले, मोर्चे काढले, सतरंज्या उचलल्या. त्यांपैकीं कितीजणांनीं स्वतःला विचारलें कीं, यांतलें कोणतें काम माझ्यावांचून अडलें असतें? "सगळें आबाच करतात" असें म्हणणें सोपें होतें. आणि जो स्वतःला शून्य मानतो त्याच्याकडे पाहून कोणी म्हणत नाहीं, आतां तूं पुढें हो.

शेवटीं याच तालुक्यांतल्या एका वाडीवरच्या बाईंची हकीकत सांगतों. बचत गटाच्या त्या अध्यक्षा. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "मी नुसती वही धरते." पुढें लेकीच्या बाळंतपणासाठीं त्या दीड महिना परगांवीं गेल्या. वही दुसरीच्या हातीं दिली होती. आंकडे बरोबर होते. तरी दोन्ही बैठका मोडल्या, हप्ते थकले. परत आल्यावर त्यांनाहि उमजेना, कीं घोटाळा कोठें झाला. मग बोलतां बोलतां निघालें, कीं या महिन्यांत कोणाचा हप्ता अडणार हें त्यांना आधींच कळे. कोणाची शेळी मेली, कोणाच्या नवऱ्याचा रोजगार बुडाला. बैठकीच्या आदल्या संध्याकाळीं त्या तिच्या दारीं जात, दोन गोष्टी बोलत, आणि चारचौघींत तिची मान खालीं जाऊं नये अशी सोय करून येत. यालाहि काम म्हणतात, हें त्यांना आजवर कोणीं सांगितलें नव्हतें. वही देतां आली होती. हें देतां आलें नव्हतें, कारण आपल्यापाशीं तें आहे हेंच ठाऊक नव्हतें.

आतां त्या संध्याकाळच्या फेरीला एकट्या जात नाहींत. शेजारची एक तरुण सून बरोबर असते. मागच्या महिन्यांत बाईंना ताप होता. सून एकटीच चार दारीं जाऊन आली.