राजवाडा, पाहुणा आणि प्रजा
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



राजस्थानातील राजवाडे आज ऐश्वर्यसंपन्न प्रवाशांची विश्रामस्थाने झाली आहेत. जयपूरचा रामबाग १९५७ साली हॉटेल झाला. पुढे उदयपूरच्या पिछोला सरोवरातील जगनिवासही. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अवाढव्य वास्तू सांभाळणे दुष्कर झाले आणि हा मार्ग रुंदावला. १९८२ पासून ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही शाही आगगाडीही धावू लागली.

पाहुण्याच्या पैशाने वाड्यांचे गळके छप्पर दुरुस्त होते, कारागिरांच्या हातांना काम मिळते. हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. तथापि जोधपूरचा उमेदभवन आठवावा. दुष्काळपीडित प्रजेला काम मिळावे म्हणून १९२९ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९४३ साली तो पुरा झाला. आज त्यात हॉटेल आहे, राजकुटुंबाचे निवासस्थान आहे आणि संग्रहालयही आहे. ज्यांच्या आजोबांनी तेथे दगड वाहिले, त्यांना साध्या तिकिटावर आत जाता येते ते या संग्रहालयामुळेच.

अल्प वर्गणीत शंभर वर्षे सर्वांना दार उघडे ठेवणाऱ्या या वास्तूत एवढेच सुचवावेसे वाटते की, हॉटेल झालेल्या प्रत्येक राजवाड्याने असा एक दरवाजा प्रजेसाठी राखावा.