गाडी निघण्याआधी दहा मिनिटं



आज भातावर किंवा भेंडीवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते तुमचा माल बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल. कृषी खात्याच्या माणसाला गाडीचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण मुरबाड, शहापूरकडची भाजी रात्रीतून टेंपोत चढते आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत उतरते. वाटेत गाडीनं दगा दिला तर माल सडतो, आणि ब्रेकनं दगा दिला तर मालाचा विचारच करायला नको.

पूर्वी बैलगाडी जुंपताना आपली वडीलधारी माणसं आखाला वंगण घालत, चाकाची धाव ढिली झाली का बघत, बैलाचे खूर बघत, आणि मगच जू मानेवर देत. आता किल्ली फिरवली की गाडी निघते, म्हणून बघायची सवय सुटली. "साहेब, गाडी नवी आहे, तिला काय बघायचं?" असं मला एका काकांनी विचारलं होतं. काका, खिळा नव्या टायरमध्येही शिरतो!

पहिली गोष्ट, तपासणी आदल्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना आणि हौदा रिकामा असताना करा. पहाटे तीन वाजता, माल भरल्यावर, बॅटरीच्या उजेडात काही दिसत नाही. आणि दिसलं तरी त्या वेळी दुरुस्ती कुठे करणार? मग तसंच निघणं होतं.

टायरपासून सुरुवात करा. हवा टायर थंड असताना मोजायची, कारण गाडी पळून आली की हवा तापून दाब जास्त दिसतो. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवरही लिहिलेलं असतं. रिकाम्या आणि भरल्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो नीट वाचा. खाचांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. त्याखाली टायर चालवू नये असा चारचाकीचा नियम आहे. आपल्याकडे जूनपासून पाऊस काय असतो ते सांगायला नको. टायरखालचं पाणी या खाचांतून बाहेर पडतं. खाच नसेल तर चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेक दाबा नाहीतर स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही. मागे जोडचाकं असतील तर मधे अडकलेला दगड काढा. चाकांचे नट पान्यानं आवळून बघा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक गाडीत आहे का, तेही बघा.

आता ब्रेक. इंजिन चालू करून पायडल दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं, किंवा दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नसेल, तर गाडी बाहेर काढू नका. गाडी उभी होती तिथं चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून ओतून भागत नाही, ते का कमी झालं हे मेकॅनिककडून बघून घ्या. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. असं जुनं तेल घाटात ब्रेक तापले की उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल एकदम पोकळ लागतं. म्हणून सांगितलेल्या मुदतीत ते बदलायचंच.

कसारा किंवा माळशेज घाट उतरून येणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. कसारा घाटात रेल्वेचा उतार ३७ ला १ आहे. नाशिककडून येणारी गाडी इगतपुरीला ब्रेक तपासून मगच घाट उतरते. आपण मात्र डिझेल वाचवायला टेंपो न्यूट्रल करून सोडतो. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की इंजिनला डिझेल जाणं बंद होतं, म्हणजे न्यूट्रलनं वाचत काहीच नाही. उलट सगळा भार ब्रेकवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरा. आणि इंजिन बंद करून तर कधीच नाही, कारण मग पायडल दगडासारखं घट्ट होतं.

दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न एकदा लावून बघावेत. मागचा दिवा घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा. गाडी पेंढ्याशेजारी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून बघा, उंदीर वायरी कुरतडतात. पाणी बघायचं ते इंजिन थंड असताना; गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजेल.

ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं सांगतो. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक सुटा ठेवलेला असतो. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायडलं कडीनं जोडा. नाहीतर वेगात एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर उलटतो. ट्रॉलीच्या पिनेला खिटी लावा. मागे लाल रिफ्लेक्टर हवेत आणि ते चिखलानं माखलेले नसावेत. चिखलणी करून आलात तर चाकांचा चिखल बांधावरच झाडा. डांबरी रस्त्यावर तो पडला की मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो.

शेवटचं, लावणीच्या दिवसांत बायामाणसं हौद्यात उभी करून नेतात. मालाच्या गाडीत अशी माणसं नेणं कायद्याला धरून नाही, आणि काही झालं तर विम्याची भरपाई मिळताना मोठी अडचण येते. मजुरांसाठी वेगळी गाडी करा, तिचं भाडं लावणीच्या खर्चात धरा. आणि किल्ली फिरवण्याआधी गाडीखाली वाकून बघा. कोंबडी असते, कुत्रं असतं, कधी खेळणारं पोर असतं.