खिशातला फिल्टर



शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकर, जानेफळ करत खामगावकडे जाते.
दिवस पावसाळ्याचे.
वाटेतलं पाणी गढूळ.
वारकऱ्याच्या पिशवीत एक छोटा फिल्टर असलेला बरा.

या फिल्टरच्या पोटात बारीक, पोकळ धाग्यांचा जुडगा असतो.
धाग्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात.
पाणी आरपार जातं.
गाळ आणि जंतू मागे अडकतात.

अडकलेला गाळ जातो कुठे?
कुठेच नाही. तिथेच साचतो.
मग धार बारीक होते.
आपण काय करतो? आणखी जोरात दाबतो.
तसं करू नका.
फिल्टर उलटा धुवा.

सोबतच्या पिचकारीत स्वच्छ पाणी भरा.
ज्या तोंडातून पितो, त्याच तोंडातून ते आत सोडा.
दुसरीकडून आधी चहासारखं पाणी येईल, मग नितळ.
पुन्हा सांगते, धार मंदावली की फिल्टर उलटा धुवायचा.

गढूळ पाणी थेट भरू नका.
तुरटी फिरवा, निवळू द्या, फडक्यातून गाळा.
पिण्याच्या तोंडाला कच्च्या पाण्याचा हात लागला, तर सगळा खटाटोप पाण्यात!

काविळीची साथ असेल तर मात्र पाणी उकळाच.
काविळीचे विषाणू या छिद्रांतूनही निसटतात.
आणि आपल्या खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी?
ते यातून गोड होणार नाही.

घरी परतलात की फिल्टर पुन्हा उलटा धुवा.
सावलीत पूर्ण सुकवा.
मगच डब्यात ठेवा.