नवी गाडी की जुनी? आधी वही काढा
(मोडनिंब येथील मासिक सभेत केलेलं भाषण)



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. एक ताई बांगड्यांची पेटी घेऊन अरण, शेटफळ, टेंभुर्णीचे बाजार करतात. वडापला रोज पैसे जातात, म्हणून त्यांना स्कूटी घ्यायचीय. घरचे म्हणतात, नवीच घे, लोकं काय म्हणतील! बाकीच्या जणी म्हणतात, जुनी बघ, 40 हजारांत मिळंल. मला विचारलं, तर मी म्हटलं, आधी वही काढा.

नवी गाडी पासिंग, रोड टॅक्स, विमा धरून लाखाच्या घरात जाते. समजा 20 हजार भरले आणि 80 हजार कर्ज काढलं, '10 टक्के फ्लॅट'नं, 3 वर्षांसाठी. व्याज झालं 24 हजार, हप्ता 2,889. 'फ्लॅट' म्हणजे तुम्ही कितीही फेडलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या 80 हजारांवरच. आपण गटात उरलेल्या मुद्दलावर मोजतो, तसं मोजलं तर हाच दर जवळपास 18 टक्के पडतो. हे कुणी आपल्याला सांगत नाही.

आता जुनी. गटातून 40 हजार, महिना 1 टक्का, 12 हप्ते. एकूण व्याज 2,600, आणि तेही आपल्याच गटात राहतं. पहिला हप्ता 3,733 चा, म्हणजे नवीपेक्षा जड. पण वर्षात मोकळ्या. टायर, बॅटरीला वरचे 8-10 हजार मात्र बाजूला ठेवाच. आणि एकीला 40 हजार दिले की दुसरीचं बियाण्याचं कर्ज थांबतं, हेही गटानं बसून ठरवायचं.

एक गोष्ट घासाघीस करताना लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. नवी स्वस्त झाली, मग जुनीचा भाव तोच कसा?

पण खरी मेख कागदात असते. मी कॉलेजात असताना वडिलांनी एका एजंटाकडून 22 हजारांची स्कूटी घेतली. गाडी झकास. आरसी बुकावर कर्जाचा बोजा होता, तो कुणी बघितलाच नाही. मूळ मालकानं कर्ज फेडलेलं, पण ना हरकत दाखला आणलाच नव्हता, आणि माणूस गाव सोडून गेलेला. 7 महिने आम्ही हेलपाटे घातले. तेवढ्या पेट्रोलमध्ये अजून एक बॅटरी आली असती!

म्हणून पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा आणि विमा बघा. मेस्त्री आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याचा नको. गाडी घेतल्यावर 30 दिवसांत नाव लावायला अर्ज द्या. विकतानाही नाव बदललंय ना, ते बघा. 2018 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून दोन वर्षं झाली असली तरी.

आणि नाव कुणाचं लावायचं? कर्ज ताईच्या नावावर, गाडी दादांच्या नावावर, असं मी बऱ्याच घरांत बघते. हप्ता तुम्ही भरताय ना?

त्या ताई सोमवारी गाडी बघायला निघाल्यात. गटातल्या दोघी आणि मी सोबत आहोत. लर्निंग लायसन्स आता आधारवर ऑनलाइन निघतं. ज्यांचं राहिलंय त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडं नावं द्या.