गुलाल उतरल्यावर
(रामाकोना येथील सभेतील भाषण)



२०२२ च्या पंचायत निकालांचा गुलाल केव्हाच उतरला. सरपंच आपण थेट निवडतो, तेही पक्षचिन्हाविना. मग पक्षांनी विजयाचे ढोल कशाला बडवावेत? त्याच जुलैत छिंदवाड्याचे महापौरपद काँग्रेसचे विक्रम अहाके यांनी जिंकले. एप्रिल २०२४ मध्ये ते भाजपात गेले आणि लोकसभेच्या मतदानादिवशी पुन्हा काँग्रेसला मत मागू लागले. चिन्हाचा भरवसा हा एवढाच!

१९५६ मध्ये नागपूर तिकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. दाद मागायला छिंदवाडा गाठणे सरले. पण ग्रामसभेत आपणच गैरहजर राहिलो, तर आपल्या मराठीचा, पाण्याचा प्रश्न मांडणार कोण? मत दिले म्हणजे काम संपले नाही, तिथून ते सुरू होते.

जय हिंद!